सीटच्या फोमची पोटरी

घाटंजी, ६ नोव्हेंबर २००६

ती. नंदूमामास भैरवीचा शि. सा. न.

शिबिरात मिळालेल्या कृत्रिम पायावर आता घरभर चालते. बसच्या अपघातानंतर एवढंही होईल असं वाटलं नव्हतं. पण गुडघ्याखाली नुसता लोखंडी नळा आहे. त्या बाजूला साडी आत जाते आणि बघणारे आधी तिथेच बघतात. एक तारखेला मुकुटबनच्या शाळेत रुजू व्हायचं आहे. मुलाखत अपघाताआधी झाली, तिथे कोणाला काही ठाऊक नाही. मामा, खरं सांगते, मी जाणार नाही. आई ऐकत नाही, तिला तुम्हीच समजवा.

राग धरू नका, माया मात्र धरा.

तुमची भैरवी

नेर, १३ नोव्हेंबर २००६

चि. भैरवीस अनेक आशीर्वाद.

आईला नाही, तुलाच समजावतो. तुझं पत्र मी कय्युमला वाचून दाखवलं. तो मोटारसायकलच्या सीटा भरतो हे तुला ठाऊकच आहे. यंदा कापसाला भाव नाही, त्यामुळे सीट बदलायला कोणी फिरकत नाही. फोम कोरून नळ्यावर पोटरी बसवून देतो म्हणाला, मागून चेन, म्हणजे काढता-घालता येईल. पोरीच्या पायाचं माप आम्ही कसं घेणार, म्हणून त्याच्या बायकोला, सुग्राबी भाभीला पाठवतोय. ती बायकांचे कपडे शिवते, आणि बहिणीकडे घाटंजीला येतेच आहे. तिच्यासमोर तोंड फुगवून बसू नकोस, ती माझ्यासारखी ऐकून घेणारी नाही. चांगल्या पायाचं माप दे आणि तिला पोटभर जेवू घाल.

तुझ्या खुशालीची वाट बघणारा,
नंदूमामा

मुकुटबन, ३ डिसेंबर २००६

ती. नंदूमामास शि. सा. न.

पोटरी घाटंजीहून निघण्याआधीच मिळाली. आधी तक्रार ऐका. चेन लावून उभी राहिले तर नवा पाय माझ्या पायाच्या दीडपट! मी रडायला लागले आणि आई हसायला. बूथवरून फोन केला, तर सुग्राबी चाची उलट मलाच रागावल्या. पोरगी काळजीनं सुकली, नोकरी लागल्यावर अंग धरीन, मग कायले उसवत बसायचं, असं म्हणत त्यांनी पोरींच्या झंपरासारखं दोन बोटं ढिलं ठेवलं होतं. शेवटी त्या सांगत गेल्या तसा आईनं फोम छाटला. वरचा मोजा मात्र त्यांनी चहाच्या पाण्यात असा रंगवलाय, की थेट माझा रंग.

परवा शाळेत गेले. साडी दोन्हीकडे सारखी पडली होती. दुपारी जरा लंगडत वर्गातून निघाले, तर मुख्याध्यापिका वच्छलाबाईंनी थांबवलं. मला वाटलं, झालं, आता विचारणार. त्यांनी विचारलं, नवी चप्पल चावून राह्यली काय. मी हो म्हटलं. खोबरेल तेल लाव म्हणाल्या आणि गेल्या.

खोलीवर येऊन खूप रडले, मामा. किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या महिन्यांत माझ्या लंगडण्याचं इतकं साधं कारण कोणाला सुचलं नव्हतं. उद्या त्यांना खरं सांगणार आहे, आता भीती वाटत नाही. आज मात्र तेल लावलंय, चांगल्या पायाला.

चाचा-चाचींना माझा सलाम. असाच जीव लावत राहा.

तुमची भैरवी