फळीवरचं रीळ

रत्नागिरी, रविवार, १४ नोव्हेंबर १९३७

आबा, तुम्ही गेल्यानंतर मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा करा. रोजनिशीत तुमच्याविषयी पुष्कळ लिहिलं. पण तुमच्याविषयी लिहिताना मला हवं ते लिहिता येतं. तुम्हाला लिहायला बसले की तुम्ही चष्म्यावरून बघता आणि लेखणी अडखळते. दिवाळीच्या सुटीत मी आगबोटीने मुंबईला जाऊन समुद्रात गळ टाकून गरवायचं एक मोठं, जड रीळ घेऊन आले. ते आता टेबलावर आहे आणि त्याच्या शेजारी तुमचं जुनं, लहान रीळ. दोन्ही एकत्र बघून जे वाटतं ते शाळेतल्या कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही कस्टमच्या कचेरीतून यायचात, टोपी खुंटीला लावायचात आणि आईची जुनी रोवळी काखेत मारून खाडीच्या तोंडाशी निघायचात. मागून मी. तांदूळ धुवायची ती बांबूची टोपली मला पुढे कितीतरी वर्षं गरवण्याचंच साधन वाटत असे. मोठ्या माशाला भुलवायचा तुमचा लाकडी मासा पांगाऱ्याच्या लाकडाचा, वीतभर लांब, पोटात शिसं ओतलेला, खाली गळ टांगलेले. तो डोक्याभोवती गरगर फिरवून तुम्ही लांब फेकायचात आणि हाताने दोरी ओढत परत आणायचात. ओढलेली दोरी रोवळीत वेटोळ्यावर वेटोळं नीट रचायची, हे काम माझं. वेटोळं चुकलं की पुढच्या फेकीला गुंता, आणि गुंत्यापायी जिताड्यासारखा मोठा मासा गेला तरी तुम्ही रागवायचा नाहीत. नुसतं "हं" म्हणायचात. त्या "हं"ची मला भीती वाटे. आत्या ओसरीवरून ओरडायची, "तांदळाची रोवळी समुद्रावर आणि पोरगी खडकावर! उद्या नवरापण गरीला लावूनच आणणार काय रे ही?" तुम्ही मागे न बघता म्हणायचात, "आणू दे की. निदान ताजा तरी असेल." मी हसत हसत खडकापर्यंत धावते आहे, रोवळी माझ्या डोक्यावर उपडी आहे आणि तिच्या भोकांतून मला ठिपक्याठिपक्यांचा समुद्र दिसतो आहे.

मग मी उंच झाले. एका संध्याकाळी तुम्ही रोवळी उचललीत आणि माझ्याकडे न बघता गेलात. कोणी काही बोललं नाही. आत्यासुद्धा नाही. तुमच्यावर रुसायची मला सोय नव्हती, कारण पुढे तिचाच विरोध मोडून तुम्ही मला पुण्याला शिकायला पाठवलंत. पण आपण एकमेकांशी न बोलायला शिकलो ते त्या संध्याकाळी, असं आता वाटतं. आपल्या घरात ही रीतच होती. भाजी खारट झाली तर तुम्ही ताक जास्त घ्यायचात. कोणी काही आणलं तर ते छानच असायचं.

मी पुण्याला शिकवायला लागले त्या सुमारास तुमची बोटं सकाळी आखडू लागली होती. बावीस सालच्या उन्हाळ्यात मी परत निघताना तुम्ही सामान उतरवायला धक्क्यापर्यंत आलात आणि आगबोटीवर नेणाऱ्या पडावाकडे बघत म्हणालात, "बाय, त्या गोऱ्या इंजिनियराकडे एक यंत्र आहे. दोरी यंत्रातच राहते, हाताला काचत नाही. तिकडे मिळतं काय गो, बघ जरा. नाही मिळालं तर राहू दे." तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर तेवढंच.

मुंबईला उतरल्यावर मी दुकानात गेले. तिथे बरीच रिळं होती. काही रुंद, ओबडधोबड, शेंगदाण्याच्या घाण्यासारखी. एक मात्र अरुंद आणि चकचकीत होतं आणि त्याच्यात दोरी अशी रेखीव बसत होती, की वेटोळ्यावर वेटोळं, एकही सुटं नाही. माझा हात तिकडेच गेला. किती वजन फेकायचं, मासा केवढा, हे मी विचारलंच नाही. मला येत होतं एकच काम, दोरी नीट रचायचं, आणि त्याच कसोटीवर मी यंत्र पारखलं. मी तुमच्यासाठी रीळ नाही घेतलं, आबा, रोवळी घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मी ते आणलं तेव्हा तुम्ही ते उघडलंत, मूठ फिरवून कानाशी धरलंत. "घड्याळासारखं आहे गो," म्हणालात. मी धन्य झाले. दिवाळीत आले तेव्हा ते घड्याळाच्याच शेजारी फळीवर होतं, रिळासाठी केलेली चिव्याच्या बांबूची एक नवी काठी कोपऱ्यात उभी होती आणि तुमच्या उजव्या हाताच्या बोटांना चिंधी बांधलेली होती. विचारलं तर म्हणालात, "कपाटाच्या दारात आली." त्यानंतर तुम्ही खडकावर जाणं हळूहळू सोडलंत. लांबचं दिसत नाही, हे कारण. मी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं, की म्हातारा माणूस ओल्या खडकांवर जात नाही. पण बंदरात येणाऱ्या आगबोटीचा धूर ओसरीवरून सगळ्यांआधी तुम्हालाच दिसायचा. हे मला तेव्हा का सुचलं नाही? दर रविवारी तुम्ही ते रीळ खाली काढून तेल द्यायचात, पुसायचात, परत ठेवायचात. मला वाटे, लेकीची भेट किती जपतात.

या वेळी मी त्याच दुकानात जाताना लाकडी मासा जुन्या पातळात गुंडाळून नेला आणि लहान रीळही नेलं. दुकानदार लठ्ठ पारशी गृहस्थ. त्यांनी मासा काचेवर ठेवून हातानेच जोखला आणि म्हणाले, "बाई, हा मासा हाय के होडी?" मग रीळ उघडलं. आत कडेला तेलात बसलेली बारीक वाळू होती. "हा तर नदीच्या लहान माशाचा माल. याला समुद्रावर कोणी नेला? मोटा मासा पळाला का ही मूठ उलटी फिरते, फटाफट. बोटं फोडून टाकेल." कपाटाचं दार डोळ्यांसमोर आलं. आपल्या त्या कपाटाला दार नव्हतंच, आबा, पडदा होता.

"कोणासाठी पायजे?" त्यांनी विचारलं. "वडिलांसाठी," मी म्हटलं. का म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. त्यांनी दोन रिळं काढली. एक हलकं, झरझर फिरणारं. दुसरं रुंद, काळ्या बाजूंचं, हातात धरलं की मनगट खाली जाईल असं. दोन्हींत कळ दाबली की चाक मोकळं सुटतं आणि फेकताना त्यावर अंगठा ठेवायचा. मुठीपाशी चांदणीच्या आकाराची चकती, ती आवळली की दोरी जड सुटते, आणि मासा पळाला तरी मूठ जागची हलत नाही. "म्हातारा माणूस, हलका द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, बोटं आखडतात, बारीक मूठ चिमटीत धरवत नाही. त्यांनी हलकं बाजूला सारलं. "मग जडच. याची मूठ मोटी, आख्ख्या पंजात बसेल. आणि तुमची ही होडी हलक्यावर गेली तर चाक आधी पळेल, दोरी मागे राहील, असा गुंता होईल का देवसुद्धा सोडवणार नाय." मग त्यांनी काठीला रीळ लावलं, दोरीचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं आणि दाराकडे चालू लागले. "मी जिताडा, बाई. आवळा!" मी चांदणी आवळली. ते धापा टाकत दोन कपाटांमधून चालले आहेत, गिऱ्हाइकं बघताहेत, रीळ कुरकुरत दोरी देतं आहे आणि मूठ माझ्या पंजात स्वस्थ आहे. दाराशी ते थांबले. "बस. जिताडा थकला."

सगळे हसले, मीही हसले. आणि तेवढ्यात मनात आलं, की हे यंत्र त्या वर्षी याच दुकानात, त्या ओबडधोबड रिळांत होतं. तुम्ही आणखी काही वर्षं त्या खडकावर उभे राहिला असतात. तुम्ही एक शब्द बोलला असतात, किंवा मी एकदा तुमच्याबरोबर खडकावर आले असते, एवढंच पुरेसं होतं. तुम्ही बोलला नाहीत ते मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला समजतं. तरी त्या चिंधीचा मला रागही येतो, आणि रागवावं असं तुम्ही काही केलं नव्हतं म्हणून मग स्वतःचा येतो. हे दोन्ही लिहून ठेवते, कारण एकच लिहिणं खोटं होईल.

माझ्या हाताला हलकंच बरं होतं. जडाने माझं मनगट आताच दुखतं आहे. तरी घेतलं ते जडच.

पुड्याला सुतळी बांधताना ते पारशी गृहस्थ म्हणाले, "बाबांना नाय आवडला तर परत आणा. म्हातारी माणसं तोंडाने सांगत नाय हां. तुम्हीच विचारून घ्या." मी म्हटलं, "विचारीन." आज सकाळपासून हेच विचारायला बसले आहे, आणि एवढं लिहूनही तो प्रश्न मला कागदावर उतरवता आलेला नाही. हा कागद पाकिटात घालायचा नाही, तरीही नाही.

उद्या: लाकडी माशाचे गंजलेले गळ बदलणे.