पंधरा जूनचा रपटा आणि आमच्या ऑफिसचं इंग्रजी

कुरखेडा, १७ मे

तीर्थरूप रामाजी मामांना रंजीताचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? इंदुमामी म्हणाली, गोळ्या वेळेवर घेता. किती वाजता, ते तिला सांगता आलं नाही, म्हणून मी ते खरं धरलेलं नाही. मी बरी आहे. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र प्रफुलजवळ देते (आमचा ड्राफ्ट्समन, घर तुमच्या गडचांदूरलाच). खास कारण काही नाही.

कामाचं विचाराल, तर हळदीटोल्याच्या नाल्यावर रपटा बांधते आहे. लहानसा पूल, दोन गाळे. पाऊस लागला की तो नाला चार-चार दिवस उतरत नाही आणि पलीकडचं गाव पलीकडेच राहतं. त्या गावातल्या बायनाबाईंची सून सोमारी आठव्या महिन्यात आहे. रपटा वेळेत झाला तर ती घरी राहील, दुखायला लागलं की गाडी दारात येईल. नाही झाला तर जूनआधीच तिला चाळीस किलोमीटरवर माहेरी धाडायचं, आणि तिथे तिचं करायला म्हातारा बाप सोडून कोणी नाही. म्हणून गावाने आमच्या ऑफिसला लेखी विचारलं होतं: रपटा कधी होईल?

उत्तराचा मसुदा मी केला. आमच्याकडे इंग्रजी क्रियापद एकटं सोडत नाहीत. 'विल' लिहिलं की साहेब लाल पेनने 'प्रॉबॅब्ली' घालतात. 'शुड'ला 'नॉर्मली' लागतं, 'मे'ला 'पॉसिब्ली'. (साहेब डबा घरी विसरले तरी 'आय मस्ट सिम्प्ली हॅव फरगॉटन' म्हणतात. नुसतं विसरलो म्हणत नाहीत.) हा जादा शब्द वाक्याच्या बरोबर मध्ये बसतो, दोन स्लॅबमध्ये सांधा सोडतात तसा. उन्हाने काँक्रीट फुगलं तर जागा लागते, चौकशी आली तर वाक्यालाही लागते. तीन वर्षांत मला हे चांगलं जमायला लागलं आहे. लग्नाबद्दल आईला मी याच पद्धतीने उत्तरं देते. तर मसुदा असा गेला: 'द वर्क शुड नॉर्मली बी कम्प्लीटेड बिफोर द मान्सून, अँड व्हेइकल्स मे पॉसिब्ली बी अलाउड.' साहेबांनी पहिल्यांदाच लाल पेन न लावता सही केली.

मग तेच पत्र समजावून सांगायला मलाच गावात पाठवलं. हळदीटोल्याच्या ग्रामसभेत मतदान नसतं. शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत सगळे मोहाच्या झाडाखाली बसून राहतात. बाहेरचा माणूस जे बोलेल ते लालसू (बारावी झालेला, गावाचा चिटणीस) रजिस्टरात उतरवतो आणि बोलणाऱ्याची सही घेतो. त्याने पत्र वाचलं. मी अर्थ सांगितला, साधारणपणे पावसाआधी व्हायला हवं. बायनाबाई म्हणाल्या, "व्हायले पायजे, हे तं आमालेबी मायीत हाय म्याडम. होईन का?"

मी त्यांना आकडे दिले. डेफिनेटली लागलं तर पंचाण्णव टक्के, प्रॉबॅब्ली सत्तर, शुड नॉर्मली साठ, मे वेल पन्नास, माइट पॉसिब्ली वीस. (आकडे माझे आहेत. पण वापरून पाहा, बरोबर येतात.) लालसूने तक्ता करून घेतला. मंगरूभाऊ गावातले सगळ्यात वडील. त्यांनी एवढंच विचारलं, "अन् शंभराचा कोन्ता हाय?" तसा आमच्या ऑफिसात नाही, असं मी खरं ते सांगितलं. सभा पुढे चालू राहिली. म्हणजे कोणी उठलं नाही.

मध्येच दुसऱ्या दिवसाच्या कामाला चार माणसं द्याल का, असं मी विचारलं. मंगरूभाऊंनी लालसूच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हटलं, "लिव्ह रे, मे वेल." सगळी सभा हसली. सकाळी दोन माणसं आली. तक्त्याप्रमाणे बरोबर होतं, मला तक्रार करता आली नाही.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी पाच वाजून गेले तरी बायनाबाई हो म्हणेनात, आणि त्या म्हणेपर्यंत कोणाला घरी जाता येईना. सोमारी भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी सेंट्रिंगचे दिवस मोजले, सळई मोजली, काँक्रीट पिकायला लागणारे एकवीस दिवस मोजले, आणि रजिस्टरात मराठीत लिहिलं: पंचवीस मेला स्लॅब पडेल, पंधरा जूनला त्यावरून गाडी जाईल. खाली सही केली. मध्ये काही घातलं नाही. लालसूने दोनदा तपासलं आणि विचारलं, "म्याडम, कायी रायलं तं नाई ना?"

साहेबांना अजून हे माहीत नाही. बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार.

तुमची,
रंजीता

ता. क. : काल ठेकेदाराच्या मिक्सरचा गिअर तुटला. सुटा भाग नागपूरहून यायला दहा दिवस आहेत. मे महिन्यात इकडे प्रत्येक मिक्सर कुठल्यातरी कामाला बांधलेला आहे, अकरा ठिकाणी विचारून झालं. तुमचा मिक्सर मामीच्या म्हणण्याप्रमाणे गोठ्यात उभा आहे. तेवीस तारखेपर्यंत ट्रकवर घालून पाठवावा. अंतर जवळपास दोनशे किलोमीटर आहे, बांधायला पट्टे नवे वापरा.

ता. क. २ : प्रफुलला उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं सांगितलं आहे. "पाहून राह्यलो ना बाई" हे तुमचं उत्तर मी वीस टक्क्यांत धरते. हो किंवा नाही लिहा.

ता. क. ३ : आज सकाळी बायनाबाई साइटवर आल्या होत्या. तुमच्या मिक्सरचं त्यांच्या कानावर गेलं होतं; मामा मशीन देतीन का, म्हणून विचारलं. देतील, असं मी सांगितलं. त्यांनी घरी जाऊन माहेरी जायला बांधलेलं सोमारीचं गाठोडं सोडायला लावलं. लुगडी पुन्हा वलणीवर टाकलेली मी स्वतः पाहून आले.