आमच्या शेडात समाजवाद आला त्याची हकीकत

सोलापूर,
रविवार

तीर्थस्वरूप बाळासो दाजींच्या पायांशी जोतिरामचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायला घेतलं आणि पेन अडलं. हर्नियाचे टाके निघाले, जखम भरली, भूकही लागते. ठीक नाही ते डोक्यात. तुमची साखर काय म्हणते? आक्काच्या गुडघ्याला तेलाचा गुण आला का? म्हैस व्याली का? (सगळं सविस्तर कळवा. हल्ली दुसऱ्याच्या घरातलं ऐकलं की मला बरं वाटतं.) हे फोनवरच सांगणार होतो, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी अख्ख्या शेडाला कळतं, आणि शेड आता ऐकून गप्प बसत नाही.

माझा धंदा तुम्ही बघितलाच आहे. पत्र्याचं शेड, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या अकरा बायका, कापड बेतायला मी आणि काज-बटणाला आमची महादेवी (तिला बायको म्हणून पगार नाही, मालकीण म्हणून मान आहे, असं मी कालपर्यंत समजत होतो). ऐन हंगामात ऑपरेशन निघालं आणि मी सव्वीस दिवस अंथरुणाला खिळलो. माझ्यावाचून शेड बसणार या काळजीने मी रोज दोनदा फोन करून हुकूम सोडत होतो. पलीकडून ईरम्मा 'व्हय मालक, व्हय' म्हणायची. ही ईरम्मा अक्कलकोटकडची. एकोणीस वर्षं माझ्याकडे कॉलर शिवते. तिचा 'व्हय' ऐकला की मला शांत झोप लागायची.

सत्ताविसाव्या दिवशी काठी टेकत शेडात गेलो. वाटलं होतं, बायका धावत येतील, निदान एखादीच्या डोळ्यांत पाणी येईल. एकीने मान वर करून सांगितलं, ‘मालक, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.’ सगळ्या शाळांचा माल वेळेत गेला होता. कापड ईरम्माने बेतलं होतं, आणि (हे तुमच्यातच ठेवा) माझ्यापेक्षा कमी चिंध्या पाडून. सर्वांत मोठा धक्का पुढेच आहे. मी फोनवर तीनशे फ्रॉक मरून रंगात शिवायला बजावलं होतं. त्या शाळेने यंदा रंग बदलून निळा केलाय हे मला ठाऊकच नव्हतं. नमुन्याचं कापड वेगळं दिसलं म्हणून ईरम्माने परस्पर मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं आणि सगळे फ्रॉक निळे शिवले. मला मात्र रोज ‘व्हय मालक’!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण मंगळवारी तुमचे ते पुण्याचे शेठ आले. शेड त्यांना विकायचं आपलं ठरलं होतं, ते मी बायकांना सांगितलं नव्हतं. (सांगणारच होतो. हंगाम संपल्यावर.) शेठनी टेप काढून भिंती मोजल्या, मशीनवर हात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाले, ‘नवीन मशीन टाकतो. बायका चार पुरेत.’

अकरा मशीन एकदम थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि समोर सगळ्या जमिनीवर बसल्या. ईरम्माची लेक काव्या कॉलेजातून वही घेऊन आली होती. म्हणणं असं की, शेड शेठला देऊ नका, आम्हाला द्या. आम्ही सहकारी संस्था काढतो, हप्त्याहप्त्याने किंमत फेडतो, नफा सगळ्यांत वाटतो, आणि काय शिवायचं, कुणाला कामावर ठेवायचं ते हात वर करून ठरवतो. मी हादरलोच. म्हणालो, ‘अगं, हा तर समाजवाद झाला!’

काव्या म्हणाली, ‘तोच म्हणतोय आम्ही. काम सगळ्यांचं आणि निर्णय एकट्याचा, हे उलटं नाही का? मशीनबरोबर माणसंपण विकली, तर त्यांना विचारायला नको?’

मी रशियाचं उदाहरण दिलं. (रशियाबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं दिलं, अर्ध्या मिनिटात संपलं.) त्यावर ईरम्मा म्हणाली, ‘अय्यो, रशियाचं मला ठाव न्हाय. हितलं सांगते. आमचे मामंजी गिरणीत होते. गिरणी बंद करताना त्यास्नी कुणी इचारलं? मरस्तवर दारात बसून भोंग्याची वाट बघत होते. बंद करणारा कुटं ग्येला ते आमाला कदी दिसलंबी न्हाय.’

मी म्हणालो, पण जोखीम मालकाची असते. ती म्हणाली, ‘लॉकडाऊनात शेड बंद होतं, तवा तुमच्या घरात चूल पेटत होती. आमच्यात लेकरास्नी पेज पाजली. मग जोखीम कुणी घेतली?’

दाजी, तुम्ही सहकारात केस पांढरे केलेत. तुम्हाला याचं उत्तर येत असेल.

मी आधारासाठी महादेवीकडे बघितलं, तर ती सभासदांच्या यादीवर सही करत होती! म्हणालो, ‘अगं, तू तर मालकीण!’ ती मान वर न करता म्हणाली, ‘सतरा वर्षं काज केली. आता त्याचा पगार घेणार हाय.’ मग बायकांनी मला संस्थेत कापड बेतायचं काम देऊ केलं, वाटा सगळ्यांइतकाच, ईरम्माने बेतलेलं तपासायचं नाही, तिने माझं तपासायचं. शेवटी मतदान झालं. मी मालक या नात्याने गंभीरपणे गप्प बसलो, आणि ठराव माझ्या मताविरुद्ध मंजूर झाला. आता या वयात नोकरी करायची वेळ आली, तीही स्वतःच्याच शेडात. आक्काला हळूच सांगा, एकदम सांगू नका.

आपला मेहुणा,
जोतिराम

ता. क. १ : शेठ तुम्ही आणले होते, तेव्हा व्यवहार मोडल्याचं तुम्हीच त्यांना सांगा. या पत्राचं मुख्य काम तेच. त्यांनी दिलेला विसार सोबत परत पाठवतोय. माझी त्यांच्यासमोर उभं राहायची छाती नाही.

ता. क. २ : संस्थेच्या नोंदणीचे कागद कसे करायचे ते तुम्हाला माहीत आहे. येत्या गुरुवारी या. सकाळी साडेनऊच्या आत या, उशीर झाला तर ईरम्मा माझा खाडा लावते.

ता. क. ३ : आक्काला पत्र वाचून दाखवाल तेव्हा इथे थांबा. शेठने जाताना माझ्या हातात कागद दिला होता : कुठल्या चार ठेवायच्या, ती नावं लिहा. मी रात्रभर बसलो. चार नावं लिहिली, पाचवीला वगळवेना, म्हणून पाच झाली, मग सहा, आणि सकाळी बघतो तर अकराच्या अकरा. बुधवारी मतदानात पहिला हात माझाच वर गेला होता. महादेवीने तो पाहिलाय, आणि आता तुम्हाला ठाऊक.