दवाखान्याच्या भिंतीला लागून असलेली माझी खोली

मी, बहिरू सावळा, वय तेवीस, राहणार मळवलीच्या वरची वाडी, काम बंगल्याची राखण, हा कागद राजीखुशीनं, कुनाच्या धाकात नसताना आन न पिता लिवतो. सोमवारी पुन्याला माज्या पोटाचं आपरेशन हाय. माघारी न्हाई आलो तर माजं काय कुनाला, ते खाली.

डोकं जाग्यावर हाय, असं डाक्टरांनी तपासून लिवून दिलंय. मी इचारलं, "कळतं कसं वो?" ते म्हनले, "आज वार कोणता?" म्हनलं, "बेस्तरवार, दवाखान्याचा वार. म्हनून तर तुमी आलाय."

हा दाखला लागतो, कारन तीन सालामागं मी पुन्याच्या येड्यांच्या इस्पितळात चार म्हयने व्हतो. चुलता येसूआबा त्याच्यावर बोट ठेवनार.

१) बॅटरी आन नकली दाढी कोंडाजी कंपाउंडरला. दाढी लावून मी त्याच्याकडनं एका दिवसात दोनदा औषिद नेलं व्हतं.

२) शेळी भैन गंगीला.

३) खोली. आबाला ती पेंढा भरायला पायजे. न्हाई मिळनार. दवाखान्यात जागा एवढीशी, डाक्टरला सांगितलेलं सगळी रांग ऐकती. मंग ज्याचं मन दुखतं त्यो बी "खोकला" म्हनतो. मी एकदा बसून मोजलं. खोकल्याचे चौदा, खोकले तिघंच. गंगी मूल गेल्यापास्नं रडती, तिनं खोकल्याच्या सहा बाटल्या पिल्यात. पुन्याला जायला तयार न्हाई, गावात नाव पडंल म्हनती. मी माघारी न्हाई आलो तर तिला कोन दाखवनार?

म्हनून खोली दवाखान्याला. रांग एकच, केसकागद एकच, बोलायला तेवढं आत जायाचं. दारावर पाटी लावायची न्हाई.

४) इस्पितळात न्यायच्या आदी आबानं मला गोठ्यात बांधलं व्हतं. त्यो राग कुनाला देत न्हाई, संगं नेतो.

हे वाचून दाखवल्यावर आबा भडकला. "येड्याचा कागद कोरटात टिकत न्हाई!"

म्हनलं, "आबा, त्या चौदांत तुमी बी व्हता. तुमाला खोकताना कदी ऐकलं न्हाई."

आबा जवळ सरकला. मंग हळूच, "तुजी चुलती गेल्यापास्नं झोप न्हाई रं. दाराला आतनं कडी हाय का?"

"हाय."

"दे त्यो कागद हिकडं. अंगठा कुटं करायचा?"

साक्षीदार:
१) येसू, चुलता. डावा अंगठा. करताना म्हनला, "पयली गंगी. मी तिच्या मागं बसतो."
२) सही वाचता येत न्हाई, म्हंजे डाक्टरचीच.

लिवनार: बहिरू सावळा
मळवली, ११ नोव्हेंबर १९७१