शोकाकुलांची यादी

निक्शिच, माँटेनेग्रो
२० मे २००६

प्रिय वोयिन,

आज शनिवार. सकाळी बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली, दुपारी भेटायला आलेल्यांना कॉफी दिली. सर्बियापासून वेगळं व्हायचं की नाही, याचं मतदान उद्या आहे. त्यामुळे बाबांबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

तुझा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून तू अंत्यविधीला आला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी खांबांवर लावलेल्या निधनाच्या सूचनेत 'शोकाकुल' खाली तुझं नाव नाही. मजकूर मीच लिहिला. ब्लाझोकाका शेजारी बसून म्हणाले, "बेलग्रेडला बसून आम्हाला सर्बियाबरोबर एकत्र राहायला शिकवतो! त्याला इथे मत नाही, मग नाव कशाला?" मी नाव खोडलं. तुझं आणि बाबांचं फोनवर कितीही भांडण झालं, तरी त्यांनी असं केलं नसतं.

आज यागोडा मावशीने बाबांचं नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं दारिन्का, मिलेताला एक मुलगा होता ना? की त्याच्यावरही सार्वमत घेतलंत?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तू येशील आणि बसमधून उतरताच ती सूचना वाचशील. हे पत्र पाठवलं तर तुला आधीच कळेल, म्हणून पाठवणार नाही.

संध्याकाळी एकटीच बसस्थानकावर गेले. तिथल्या सूचनेत सगळ्या नावांच्या वर पेनने 'मुलगा वोयिन' असं लिहिलं. शाई नीट उमटेना, म्हणून पुन्हा गिरवलं.

तुझी ताई,
दारिन्का