चारुलताच्या शेजारची जागा

पिंपळडोह, ता. संग्रामपूर
५ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पिता हिस,

आत्याचा ख्रिस्तात सलाम व अ. आ. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की फोनवर मी मोठ्याने बोलते आणि ही गोष्ट गल्लीने ऐकायची नाही.

चारुलताला जाऊन परवा वर्ष झालं. एकाच शाळेत आम्ही दोघींनी एकतीस वर्षं पोरं हाकली, आणि मेल्यावर शेजारी शेजारी निजायचं हे रिटायर होतानाच ठरलं होतं. पण आपल्या कबरस्तानातली ती कमरेएवढी भिंत तुला माहीत आहे. अलीकडे चिंचेखाली वरच्या आळीची घराणी, आणि पलीकडे नाल्याकाठी आपण, म्हणजे ज्यांचे पणजे मांगवाड्यातून आले ते. बाप्तिस्म्याचं पाणी एकाच विहिरीचं, पुरायची माती मात्र वेगळी. चारुलता अगदी भिंतीला लागून आहे. तिच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला मोकळी जागा.

ती जागा मागायला मी सुधाकररावांकडे गेले. ते चारुलताचे धाकटे भाऊ आणि मंडळीच्या कमिटीचे चेअरमन. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाले की अंबूताई, आपल्यात जात नसते, फक्त जागा ठरलेली असते. मी दोन बिस्किटं जास्त खाऊन आले. रागात मला भूक लागते.

तेव्हा आता आजारी पडायचं ठरवलं आहे. कोणी काही कळवलं तर धावत येऊ नकोस.

लोभ उतू जाऊ दे, पण मंद आचेवर.

तुझी ठणठणीत,
अंबूआत्या

*

नाशिक
१३ नोव्हेंबर २०२४

ती. अंबूआत्या हिस,

अर्पिताचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधी तुझ्या शेजारच्या छायाकाकूचा फोन आला, की तू अंथरूण धरलंस आणि नुसती कण्हतेस. मी दवाखान्यात रजा टाकून बॅग भरली, मलकापूरचं तिकीट काढलं, आणि तेवढ्यात पोस्टमन आला. आधी रडले, मग हसले, मग चिडले. खोटं बोलू नये हे मला संडे स्कूलमध्ये तूच शिकवलंस ना?

पण थांब असं म्हणवत नाही. आई त्या नाल्याकाठीच आहे. दोन वर्षांमागच्या पुरात तिचा क्रूस वाहून गेला, आणि आता ती नेमकी कुठे निजली आहे हे मला बोट दाखवून सांगता येत नाही. सुधाकरकाकांना ती बिस्किटं गोड कशी लागतात, देव जाणे.

एक नर्स म्हणून सांगते, दम लागलेलं माणूस सपाट झोपत नाही. पाठीशी दोन उशा जास्त घे.

माया आहेच, पण तू पापात पाडतेस.

तुझी,
अर्पिता

*

पिंपळडोह
२५ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पितास अ. आ.

उशा लागू पडल्या. सगळी कमिटी खाटेभोवती जमली. आपले पाळक अविनाश यांनी प्रार्थना केली आणि खरोखर रडले, तेव्हा मात्र मला लाज वाटली. सुधाकररावांनी शेवटची इच्छा विचारली. मी चिरक्या आवाजात सांगितली, आणि लिहून द्या म्हटलं. मरणाऱ्या बाईचं मन कशाला मोडा, असं आपसात कुजबुजून त्यांनी कागद काढला. मजकूर मी सांगितला: मंडळीतल्या कोणत्याही आळीच्या माणसाला मरणाच्या क्रमाने पुढची मोकळी जागा मिळेल, आणि पहिली जागा चारुलताच्या शेजारची. शेवटचं तेवढं ऐकून सुधाकररावांना वाटलं हे माझ्यापुरतंच आहे. वाचायला त्यांचा चष्मा घरी होता. सही झाली, शिक्काही बसला.

पुढे आणखी गंमत. कापूस वेचणीमुळे माणसं मिळत नाहीत, म्हणून त्यांनी कबर आधीच खोदून ठेवायला सांगितली. खोदणारे आपल्याच आळीचे गुलाबराव. चाळीस वर्षं चर्चची घंटाही तेच वाजवतात आणि दोन्ही बाजूंच्या कबराही तेच खोदतात. ते खिडकीशी येऊन विचारू लागले की अंबूबाई, तू खरंच मरून राह्यली का, नाही तर मी काऊन खोदू. मी डोळा मारला. हाव, समजलं म्हणाले आणि हसत हसत खोदून आले.

तिसऱ्या दिवशी मी उठून वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकर खाल्ली. पाळकांनी रविवारी उपकारस्तुती ठेवली, तेव्हा मला राहवलं नाही. उभी राहिले आणि सगळं खरं सांगून टाकलं. मागची बाकं हसली, पुढची नाही. सुधाकरराव म्हणाले की कागद मरणारीसाठी होता, तुम्ही मेला नाहीत, म्हणून तो रद्द.

खड्ड्यावर सध्या पत्रा टाकला आहे. कळावे. लोभ असू दे, मी जरा बदनाम आहे.

अंबूआत्या

*

पिंपळडोह
१३ डिसेंबर २०२४

चि. अर्पितास सलाम व अ. आ.

गुलाबराव गेले. सोमवारी सकाळची घंटा वाजवून पायरीवर बसले ते बसलेच.

सुधाकररावांनी निरोप धाडला की भिंतीपलीकडे खोदून घ्या. पण खोदणार कोण? खोदणाराच खाटेवर निजलेला. आपल्या आळीतल्या कोणी फावड्याला हात लावला नाही, वरच्या आळीत कोणाला खोदता येत नाही. अख्ख्या कबरस्तानात तयार खड्डा एकच होता.

मी कागद घेऊन कबरस्तानात गेले. सुधाकरराव खड्ड्याशी उभे होते, त्यांना म्हटलं, या वेळी चष्मा लावून वाचा. मरणाच्या क्रमाने लिहिलं आहे, आणि यात खोटं काही नाही, माणूस खरंच मेला आहे. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. तुमच्या वडिलांची कबर कोणी खोदली, असंही मी विचारलं.   मग ते पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पत्रा उचलला.

घरी येऊन मी रडले, अर्पिता. ती जागा माझी होती. चारुलताच्या शेजारी आता गुलाबराव आहेत, आणि तिच्या दुसऱ्या अंगाला तर भिंतच.

काल सुधाकरराव आले. चहा मी दिला, बिस्किटं दिली नाहीत. जाता जाता खाली बघत म्हणाले, की अंबूताई, आता मरायची घाई करू नका, भिंत पाडायला पंधरा दिवस लागतील.

नाताळाला ये. येताना हातमोजे आण, विटा उचलायच्या आहेत.

जिवंत राहण्याचं वचन देणारी,
तुझी अंबूआत्या