डाव्या कडेची खाच

जळगाव, २० नोव्हेंबर २०२५

चि. भूपेंद्रराव यांस आशीर्वाद.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या चारुलताचा जुना टॅब या घरातून गेला. तारीख-वेळ नसलेली तक्रार आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर वाचतच नसत, म्हणून आधी नोंद. बाकी मी ठीक. गुडघे कुरकुरतात, मी लक्ष देत नाही.

त्याच्या बदल्यात तुम्ही धुळ्याहून पाठवलेला नवा टॅब परवा मिळाला. भिंग लावून तपासला. पाठ साबणाच्या वडीसारखी, हातात ठरत नाही. खाली चार्जरचं एकच लांबट भोक. हेडफोनचं नाहीच. वरच्या कडेला बारीक छिद्र दिसलं, त्यात टाचणी घातली, तर शेजारच्या लताबाई ओरडल्या, "अक्का, तो माइक शे! बठ्ठं नवंकोरं शे, आते काय खोट शे त्यामा?"

खोट आहे. डाव्या कडेला खाच नाही. जुन्याला होती, झाकणाखाली, नखाने उघडायची. तिच्यात मेमरी कार्ड होतं.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही औषधं आणायला खाली गेलात, तेव्हा चारूने माझ्यासाठी त्यावर बोलून ठेवलं. अकरा मिनिटं. "आई, मी नसताना ऐक." दोन वर्षं झाली, मी ऐकलेलं नाही. दर रविवारी टॅब चार्ज करायचे, पुसून कपाटात ठेवायचे. ऐकलं की तिचं बोलणं संपणार होतं.

आता खरं लिहिते. तुम्ही तो पळवला नाहीत. दुसऱ्या लग्नाचं सांगायला आलात, मान खाली घालून. मी म्हणाले, "मग हे डबडं तरी इथे कशाला? न्या!" तुम्ही दारात थांबलात. "आई, नक्की?" मी म्हणाले, "मला अडगळ नको." तुम्ही वळलात तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते, तुमच्याकडे बघवेना.

बत्तिसाव्या वर्षी तुम्ही एकटं राहावं असं म्हणणारी मी कोण? कामिनीला आशीर्वाद सांगा.

नव्याच्या बदल्यात जुना टॅब ज्या दुकानात दिलात तिथे विचारा, कार्ड काढून ठेवलंय का. असेल तर पाठवा. नसेल तर नाही असं लिहा. फोन करू नका; फोनवर मी पुन्हा काहीतरी बोलून बसेन. लेखी उत्तर शनिवार, २९ तारखेला सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावं. दुसऱ्या दिवशी तुमचं लग्न. त्यानंतर तिचं काहीही मी तुमच्याकडे मागणार नाही.

चारूची, आणि अजून हरकत नसेल तर तुमचीही,
आई